युरोपीय संघाचा ‘निर्देश’: एका शब्दाच्या वजनाची पार्श्वभूमी

युरोपीय संघाच्या कायद्याचे उगम सांगताना पुस्तके एक उतरंड मांडतात. सर्वांत वर सदस्य देशांनी केलेले करार, त्यांच्या बरोबरीने मूलभूत हक्कांची सनद आणि संघाच्या लक्झेंबर्गमधल्या न्यायालयाने मान्य केलेली सर्वसाधारण तत्त्वे, मग बाहेरच्या देशांशी झालेले करार, त्याखाली विनियम, निर्देश (डायरेक्टिव्ह) व निर्णय, आणि तळाशी बंधन नसलेल्या शिफारशी व अभिप्राय. उतरंड बरोबर आहे. पण ती पाहून वाटते की प्रत्येक शब्दाचे वजन पहिल्या दिवशीच ठरले होते. तसे झालेले नाही, आणि ‘निर्देशा’च्या बाबतीत तर ते ठरायला निम्मे शतक लागले.

१८ एप्रिल १९५१ रोजी पॅरिसमध्ये सहा देशांनी कोळसा व पोलादाचा करार केला; आजच्या संघाची सुरुवात तिथली. त्यात साधने तीन: निर्णय, शिफारस आणि अभिप्राय. यातली शिफारस बंधनकारक होती! ध्येय गाठणे सक्तीचे, ते कसे गाठायचे हे मात्र ज्याला शिफारस केली त्याने ठरवायचे. २५ मार्च १९५७च्या रोम करारात हीच रचना ‘निर्देश’ या नव्या नावाने आली आणि ‘शिफारस’ बंधनमुक्त झाली. जुना करार पन्नास वर्षांचा असल्याने २३ जुलै २००२ पर्यंत जिवंत होता. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे एकाच न्यायालयापुढे एकच शब्द दोन करारांत दोन अर्थांनी वावरत होता.

मराठी वाचकाची आणखी एक अडचण होते. आपल्या संविधानातली राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे न्यायालयातून अमलात आणता येत नाहीत. त्यामुळे ‘डायरेक्टिव्ह’ म्हटले की आपल्याला सौम्य, मार्गदर्शनाचे काहीतरी वाटते. युरोपातला निर्देश तसा नाही. त्याला मुदत असते आणि त्या मुदतीत देशाने आपला कायदा बदललाच पाहिजे. खरा वाद पुढचा आहे: देशाने तो बदललाच नाही, तर सामान्य माणसाने काय करायचे?

रोम करार याबाबत गप्प होता. विनियम सर्व सदस्य देशांत थेट लागू होतो, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. निर्देशाबद्दल तसे वाक्य नव्हते. न्यायालयाची दिशा मात्र आधीच दिसू लागली होती. पश्चिम जर्मनीतून डिंक तयार करण्याचे रसायन आणणाऱ्या एका डच कंपनीकडून तीन टक्क्यांऐवजी आठ टक्के जकात घेतली गेली. ५ फेब्रुवारी १९६३च्या निकालात न्यायालय म्हणाले की कराराने नागरिकांनाही हक्क दिले आहेत आणि ते देशी न्यायालयात मागता येतात. पुढच्याच वर्षी मिलानमधल्या एका वकिलाने १,९२५ लिऱ्यांचे वीजबिल भरायला नकार दिला आणि त्या खटल्यातून संघाचा कायदा देशी कायद्यापेक्षा वरचढ ठरला. हे दोन्ही निकाल सर्वपरिचित आहेत.

निर्देशाची पाळी ४ डिसेंबर १९७४ला आली. एका पंथाच्या कार्यालयात नोकरीसाठी ब्रिटनला निघालेल्या डच तरुणीला विमानतळावरून परत पाठवले होते. निकालाचा तिला स्वतःला उपयोग झाला नाही, कारण तिला अडवणे योग्यच ठरले. पण निर्देशातले पुरेसे स्पष्ट कलम नागरिकाला सरकारविरुद्ध वापरता येते, हे तत्त्व तिच्या खटल्यातून आले. पॅरिसमधल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २२ डिसेंबर १९७८ला ते सरळ नाकारले. निर्देश देशांना उद्देशून असतो, म्हणून व्यक्तीविरुद्धच्या सरकारी हुकमाला त्याच्या आधारे आव्हान देता येणार नाही, असे त्यांनी ठरवले. शब्दांवर बोट ठेवून वाचले तर बाजू त्यांची भक्कम होती. पण मग ज्या सरकारने काम केले नाही, त्यालाच आपल्या कसुरीचा फायदा मिळतो, आणि लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९७९ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर आपली बाजू उभी केली. माझ्या मते न्याय्य वाचन तेच. फ्रेंच न्यायालयाने आपली भूमिका सोडली ती ३० ऑक्टोबर २००९ला, म्हणजे एकतीस वर्षांनी.

इथे एक अन्याय मात्र शिल्लक राहिला. इंग्लंडच्या दक्षिणेत सरकारी आरोग्यसेवेत काम करणाऱ्या एका आहारतज्ज्ञ बाईंना बासष्टाव्या वर्षी काढून टाकले. पुरुषांना पासष्टपर्यंत काम करता येत होते. १९८६ मध्ये त्या जिंकल्या, कारण मालक सरकारी होता. त्याच निकालाने सांगितले की निर्देश खासगी व्यक्तीवर थेट बंधन घालत नाही. म्हणजे तेच काम, तोच भेदभाव, पण इस्पितळ खासगी असते तर त्यांना हा आधार मिळाला नसता. मिलानच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ एका तरुणीने खासगी कंपनीच्या इंग्रजी टपाली शिकवणीच्या करारावर सही केली आणि काही दिवसांत ती मागे घेऊ पाहिली. निर्देशाने तिला सात दिवस दिले होते. इटलीने तो वेळेत कायद्यात आणलाच नव्हता. न्यायालयाला मत देणाऱ्या विधिज्ञाने ही भिंत पाडण्याचा आग्रह धरला होता, तरी १४ जुलै १९९४ला न्यायालय मागे हटले नाही. उपाय म्हणून सरकारकडे भरपाई मागण्याची वाट होती; बुडीत कंपन्यांतल्या इटालियन कामगारांच्या खटल्यात ती १९९१ मध्ये खुली झाली होती. पण एका शिकवणीच्या फीसाठी सरकारवर दावा कोण लावणार?

दरम्यान शिफारशीलाही थोडे वजन आले. बेल्जियममध्ये राबलेल्या एका इटालियन मजुराची बोटे आखडली. हा आजार तिथल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत नव्हता, पण संघाच्या १९६२ आणि १९६६च्या शिफारशी त्याच्या बाजूच्या होत्या. शिफारशीने हक्क मिळत नाही, तरी देशी न्यायाधीशाने ती विचारात घेतलीच पाहिजे, असे १९८९ मध्ये ठरले.

नावे सुधारण्याची संधी एकदा आली होती. २००४च्या संविधान करारात विनियमाला ‘युरोपीय कायदा’ आणि निर्देशाला ‘युरोपीय चौकट कायदा’ म्हणायचे ठरले. मे-जून २००५ मध्ये आधी फ्रान्सच्या आणि मग नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार फेटाळला. त्याऐवजी केलेल्या आणि १ डिसेंबर २००९ला अमलात आलेल्या लिस्बन करारात हक्कांची सनद बंधनकारक झाली. मात्र ‘कायदा’ हा शब्द गाळला गेला आणि संघाच्या कायद्याचे वरचढपण मुख्य मजकुरातून जोडपत्रातल्या घोषणेत गेले. मे २०२० मध्ये जर्मनीच्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या संविधान न्यायालयाने याच वरचढपणाला आव्हान दिले.

कोकणाला या उतरंडीची झळ २०१४ मध्ये लागली. १ मेपासून भारतीय आंबा, अळू, कारली, पडवळ आणि वांग्यांना युरोपात बंदी झाली. आपल्याकडे तिला कुणी कायदा म्हटले, कुणी फतवा. २४ एप्रिलचा तो कागद प्रत्यक्षात सदस्य देशांना उद्देशून काढलेला ‘अंमलबजावणी निर्णय’ होता आणि त्याला आधार होता वनस्पतींच्या किडीरोगांविषयीच्या २००० सालच्या निर्देशाचा. आंब्यापुरती ती बंदी २०१५च्या सुरुवातीला उठली.

अलीकडे अनेक विषयांत निर्देशाची जागा विनियम घेत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा १९९५चा निर्देश प्रत्येक देशाने आपापल्या परीने कायद्यात उतरवला होता, त्यामुळे देशागणिक नियम वेगळे. २५ मे २०१८पासून त्याच्या जागी सर्वत्र एकच मजकूर लागू झाला, खासगी कंपन्यांनाही थेट. हिंजवडीतल्या कचेऱ्यांत रोज कानावर पडणाऱ्या ‘जीडीपीआर’मधला शेवटचा ‘आर’ रेग्युलेशनचा, म्हणजे विनियमाचा आहे.