विवाहाची नोटीस (विशेष विवाह अधिनियम)

विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली लग्न करू इच्छिणाऱ्या वधूवरांनी जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला आगाऊ द्यावयाची लेखी सूचना. नाशिक महापालिकेच्या विभागीय कार्यालयांत १९९८ च्या राज्य अधिनियमाखाली होते ती पार पडलेल्या लग्नाची नोंद. तिचा या नोटिशीशी संबंध नाही.

नोटिशीचे मूळ काहीसे वादाचे आहे. लग्नापूर्वी चर्चमध्ये नावे पुकारण्याची, १२१५ च्या लॅटरन परिषदेने (रोममधील ख्रिस्ती धर्मपरिषद) सार्वत्रिक केलेली प्रथा ही तिची पूर्वपीठिका मानता येते. तथापि निबंधक, नोंदवही आणि ठरावीक मुदत पाहता १८३६ च्या इंग्लंडमधील विवाह कायद्याशी तिचे नाते अधिक जवळचे दिसते. भारतात ती १८७२ च्या विशेष विवाह अधिनियमाने आली. त्यामागे ब्राह्मो समाजाची मागणी होती आणि वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इत्यादी धर्म मानत नसल्याचे लिहून द्यावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांची यातून सुटका झाली. १९५४ च्या अधिनियमाने ही अटच काढली. त्याचा अंमल १ जानेवारी १९५५ पासून.

नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस रहिवास हवा. गाव सिन्नरचे, पण दोघेही पुण्यात नोकरीला, अशा जोडप्याचा अर्ज नाशिकला इथेच अडतो. मूळ गाव म्हणजे रहिवास नव्हे. नोटिशीत वय, व्यवसाय, पत्ता, रहिवासाचा काळ आणि अविवाहित, विधुर, विधवा की घटस्फोटित हे लिहायचे. आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांतील नाव किंवा जन्मतारीख जुळत नसेल, तर दुरुस्ती आधी करून घ्यावी. घटस्फोटितांनी हुकूमनाम्याची प्रत जोडावी. अपिलाची मुदत टळलेली असावी लागते.

मुदतीचा हिशेब दोन टोकांनी चालतो. लग्नाला हरकत घेण्याचे ३० दिवस नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागल्यापासून, तर लग्न लावण्याची तीन महिन्यांची अखेरची मर्यादा नोटीस दिल्यापासून मोजतात. १ मार्चला दिलेली नोटीस त्याच दिवशी लागली, तर एप्रिलच्या आरंभापासून मेअखेरपर्यंतच लग्न लागू शकते. पुढे नवी नोटीस. मुहूर्त, हॉल आधी ठरवणाऱ्यांची तारीख हुकते ती यामुळेच.

हरकत कोणीही घेऊ शकतो, पण ती कलम ४ मधील अटींपुरतीच: हयात जोडीदार, संमतीची क्षमता, वय (वर २१, वधू १८) आणि निषिद्ध नाते. जातधर्म किंवा आईवडिलांचा नकार ही कायदेशीर हरकत नव्हे. निषिद्ध नात्यांच्या अनुसूचीत मामाची मुलगीही येते. महाराष्ट्रात अनेक समाजांत हे लग्न रूढ असले, तरी येथे रूढीचा आधार मिळण्यासाठी ती राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेली असावी लागते. हिंदू विवाह अधिनियमात (१९५५) अशी अधिसूचना लागत नाही. त्यामुळे हिंदू जोडप्याला तो मार्ग सोपा.

नोटीस जाहीर लागल्याने आंतरधर्मीय जोडप्यांवर दबाव येतो, ही टीका रास्त आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रसिद्धी ऐच्छिक ठरवली. तो निर्णय महाराष्ट्रात बंधनकारक नाही. समलिंगी जोडप्यांना या अधिनियमाखाली विवाहाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नाकारला.

लग्नाच्या दिवशी वधूवर आणि तीन साक्षीदार घोषणापत्रावर सह्या करतात. ‘मी तुम्हाला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो’, आणि वधूने ‘पती म्हणून स्वीकारते’, हे दोघांना समजेल त्या भाषेत उच्चारावेच लागते. अधिकाऱ्याने लग्न लावण्यास नकार दिल्यास ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येते.