क्लासिक कारचं हौशी गॅरेज

क्लासिक कारचं हौशी गॅरेज म्हणजे जुन्या गाड्या हौसेने बाळगणाऱ्या, खोलणाऱ्या आणि परत जोडणाऱ्या माणसाची स्वतःची कामाची जागा. नुसती गाडी लावायची शेड नाही आणि धंद्याचं वर्कशॉपही नाही, त्या दोन्हीच्या मधलं काहीतरी. कुठली गाडी क्लासिक धरायची यावर एकमत नाहीये. जुन्या गाड्यांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 'फिवा' (स्थापना १९६६) किमान ३० वर्षं जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि रोजच्या ये-जा साठी न वापरली जाणारी गाडी ऐतिहासिक धरतो, बाकी विकणारे लोक २० वर्षांच्या खटाऱ्यालाही क्लासिक म्हणतात तो भाग वेगळा.

बहुतेक लोक हा छंद उलट्या टोकाने सुरू करतात. आधी गाडी घेतात, मग ती कुठे ठेवायची ते शोधतात आणि पाने-स्क्रू ड्रायव्हर तर बोल्ट अडकल्यावरच आणतात. खरं म्हणजे आधी जागा, मग हत्यारं आणि शेवटी गाडी हा क्रम बरा पडतो, आणि तिन्ही ठिकाणी पैसा आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर घालायचा असतो म्हणजे जमिनीच्या खाली, भिंतीतल्या वायरिंगमध्ये आणि गाडीच्या पोटाखालच्या पत्र्यात.

जागा आणि बांधकाम

जुनी गाडी साधारण चार-साडेचार मीटर लांब असते, त्यामुळे तीन बाय सहाच्या शेडमध्ये ती मावते पण तिच्यावर काम करता येत नाही, दोन्ही दरवाजे पूर्ण उघडले पाहिजेत, पुढे वर्कबेंच पाहिजे आणि मागून माणूस फिरला पाहिजे. त्यात खोललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा जवळजवळ दुप्पट जागा खाते हे कोणी आधी सांगत नाही. बॉनेट, दरवाजे, सीटा, काचा, बंपर, बाहेर काढलेलं इंजिन, सगळं कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि काच भिंतीला टेकवून ठेवली की ती कधी ना कधी फुटतेच. एका गाडीसाठी सहा बाय सात मीटर ही आरामाची जागा आणि भिंतीवर खोल रॅक.

उंचीचा निर्णय बांधकामाच्या आधीच घ्यावा लागतो कारण छप्पर नंतर वर जात नाही. दोन खांबी लिफ्टवर गाडी माणसाच्या डोक्याइतकी उचलायची तर छत साडेतीन मीटरच्या आसपास लागतं, तेवढं नसेल तर कमरेइतकी उचलणारी कात्री लिफ्ट घ्यायची, तिच्यावरही ब्रेक आणि सायलेन्सरची कामं छान होतात. चार खांबी लिफ्ट मुख्यतः एकावर एक गाड्या ठेवायला, कारण गाडी तिच्यावर चाकांवरच उभी असते आणि चाकं काढायची तर वेगळा जॅक लागतो.

आता जमीन. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. काँक्रीट ओतायच्या आधी खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा, म्हणजे जमिनीतली ओल वर येत नाही. बऱ्याच दोन खांबी लिफ्टना किमान १०० मिमी जाडीचं चांगल्या ताकदीचं काँक्रीट लागतं, नक्की आकडा लिफ्टच्या कागदात दिलेला असतो आणि तो अंदाजाने ठरवायचा नाही. काँक्रीटची ठरलेली ताकद साधारण २८ दिवसांनी येते, त्याआधी अँकर बोल्टची भोकं पाडायची नाहीत. पाणी निघून जायला दाराकडे हलकासा उतार चालतो पण लिफ्टखालची जागा सपाट पाहिजे. एपॉक्सी पेंट मारायचा असेल तर त्याआधी एक सोपी चाचणी आहे, अर्ध्या मीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून जमिनीवर रात्रभर चिकटवून ठेवायचा, सकाळी त्याच्या खाली दव दिसलं किंवा काँक्रीट काळपट झालं तर पेंट नको, पापुद्रे निघणार.

ओल हा गॅरेजचा खरा शत्रू आहे. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड भराभर गंजायला लागतं, ५० च्या आसपास ठेवली तर बरं, अगदी कोरडी केली तर डॅशबोर्डचं लाकूड आणि सीटचं लेदर तडकतं. गंमत म्हणजे "हवा खेळू दे" म्हणून दमट सकाळी दार सताड उघडलं की रात्रभर गार पडलेल्या इंजिनच्या बीडावर आणि पान्यांवर बाहेरच्या गरम हवेतलं पाणी जमतं, म्हणजे आपणच गंजाला आमंत्रण देतो. छताला इन्सुलेशन आणि एक डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) हे महागड्या टूल चेस्टच्या आधी. थंडीत चिमणी नसलेला गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर तर अजिबात नको, जळताना तो पाण्याची वाफ सोडतो आणि वर पेट्रोलच्या वाफेशेजारी उघडी ज्योत.

खड्ड्याबद्दल म्हणजे गाडीखाली उतरायच्या पिटबद्दल दोन मतं आहेत, माझ्या मते करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली जाऊन साठते आणि खड्ड्यात हँडलॅम्प फुटला तर एक ठिणगी पुरते. याच कारणाने प्लग पॉइंट जमिनीलगत न घेता बेंचच्या वर घ्यायचे. कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग मशीनला वेगवेगळ्या लाइन, सगळ्यावर शॉक लागला तर आपोआप वीज तोडणारा ब्रेकर, आणि ट्यूबलाइट फक्त मधोमध न लावता दोन्ही बाजूंना, नाहीतर बॉनेट उघडलं की त्याचीच सावली इंजिनवर पडते. फायर एक्स्टिंग्विशर आतल्या कोपऱ्यात ठेवायचा नाही, दाराजवळ ठेवायचा. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकली की आपोआप तापून पेट घेऊ शकतात, ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. दार बंद करून इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, त्याला वासही नसतो.

हत्यारं

जुन्या गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न ब्रँडचा नसून आट्यांचा, म्हणजे नट-बोल्टवरच्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांचा असतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये मांडलेले आटे ब्रिटिश गाड्यांवर दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं टिकले, मग ब्रिटन-अमेरिका-कॅनडाने मिळून ठरवलेले युनिफाइड आटे हळूहळू आले, आणि युरोपातल्या गाड्या मेट्रिक. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो, त्यामुळे अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड २३ मिमीच्या वर निघतं आणि नेहमीच्या अर्ध्या इंची पान्याचं १२.७ मिमी. एमजी या ब्रिटिश कंपनीच्या टी मालिकेतल्या गाड्यांचं एक्सपीएजी इंजिन तर कहर आहे, त्याचे आटे मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थ मापाची! म्हणून गाडी ठरली की मगच पान्यांचा सेट घ्यायचा, "जवळपास बसतोय" म्हणून दुसऱ्या मापाचा पाना लावला की डोकं गोल झालंच समजा.

गोटी पाने, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे, घेताना सहा कोनी घ्यायचे, बारा कोनी नाही. बारा कोनीचा जोर बोल्टच्या फक्त टोकांवर येतो आणि गंजून झिजलेल्या डोक्यावर तो घसरतो. अडकलेला बोल्ट काढायची एक ठरलेली रीत आहे, तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, पेनेट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर सोडायचं, सकाळी डोक्यावर हातोडीचे दोन-चार सरळ ठोके, तरी हलत नसेल तर नटला टॉर्चने लाल होईपर्यंत तापवायचं (पेट्रोलचा पाइप आणि ब्रेकची नळी जवळ नाही ना ते बघून), गार होऊ द्यायचं आणि मग आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडायच्या दिशेने, असं मागेपुढे करत आणायचं. आवळल्यावर जो "टक्" आवाज येतो तो गंज सुटल्याचा, पण मऊसर, लोण्यासारखं फिरलं तर थांबा, बोल्ट पिळतोय.

टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) आवळण्यासाठीच, सोडायला वापरायचा नाही आणि काम झालं की सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेलीच राहते. ट्रॉली जॅक गाडी उचलतो, धरून ठेवत नाही. गाडीखाली जायचं तर स्टँड, चाकांना अडणी आणि खाली सरकायच्या आधी गाडी हलवून बघणं, यात सूट कोणालाच नाही.

ट्यूनिंगसाठी फार काही लागत नाही. फीलर गेज, टायमिंग लाइट, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन टेस्टर आणि एक व्हॅक्यूम गेज. यातला व्हॅक्यूम गेज लोक विसरतात, पण आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, काटा १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर असेल तर इंजिन बरं आहे, काटा ठराविक लयीत खाली झटके खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये, एवढं त्या स्वस्त डबीतून कळतं.

कॉम्प्रेसर घेताना टाकी किती लिटरची यापेक्षा तो मिनिटाला खरोखर किती हवा देतो ते बघायचं, स्प्रे गन आणि सँडब्लास्टिंगला हवा प्रचंड लागते. आणि ब्लास्टिंग सपाट पत्र्यावर, म्हणजे बॉनेट किंवा दरवाज्यावर, जोरात केलं की पत्रा लाटांसारखा वाकतो आणि परत सरळ होत नाही. बॉडीचा पत्रा ०.८ ते १ मिमीचा असतो म्हणून एमआयजी वेल्डरला (जो तार आपोआप पुढे सोडत जोडतो) ०.६ मिमीची तार आणि एका जागी थोडं, दुसऱ्या जागी थोडं असं करत जायचं. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायची. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, हे डब्यावर बारीक अक्षरात असतं आणि कोणी वाचत नाही. बाकी खोललेला प्रत्येक नट-बोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत आणि खोलायच्या आधी मोबाईलने फोटो, बस.

गाडी निवडणं

इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं, सडलेली बॉडी मात्र खिसा रिकामा करते. त्यामुळे चकचकीत रंगाची आणि खालून कुजलेली गाडी घेण्यापेक्षा बंद इंजिनची पण सुका, मूळ पत्रा असलेली घ्यावी. बघायला जाताना फडक्यात गुंडाळलेलं चुंबक, टॉर्च आणि जुने कपडे न्यायचे. चुंबक सिल (दारांखालचा लांब पत्रा), चाकांच्या कमानी आणि दरवाज्याच्या खालच्या कडेवरून सरकवत नेलं की जिथे ते सुटतं तिथे पुट्टी. मग कार्पेट उचलून फ्लोअर, डिकीतलं स्पेअर व्हीलचं भांडं, स्प्रिंगा जिथे बॉडीला जोडल्या असतात ते पत्रे. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसून बॉडीच सगळा भार घेते अशा गाडीत सिल हेच गाडीचं हाड असतं. एमजीबीमध्ये (१९६२ ते १९८०) सिल अनेक थरांचं आहे, नुसता बाहेरचा थर बदलून रंग मारलेल्या गाड्या भरपूर फिरतात, दाराच्या फटी वर-खाली कमी-जास्त दिसल्या किंवा जॅकवर घेतल्यावर दार अडकायला लागलं तर आतलं गेलेलं आहे. फोक्सवॅगन बीटलमध्ये तेच काम दोन्ही बाजूंचे हीटर चॅनल करतात.

दुसरा मुद्दा गाडी पूर्ण आहे का. एमजीबीचे तर १९८८ पासून अख्खे नवे बॉडीशेलही बनू लागले, मिनी, बीटल, मस्टँग यांचंही जवळजवळ सगळं मिळतं, पण कमी खपलेल्या मॉडेलची एक टेललाइट किंवा क्रोमची पट्टी शोधण्यात वर्षं जातात. "पार्ट सगळे डब्यात आहेत" हे वाक्य ऐकलं की डबे उघडून मोजायचे.

इंजिन गार असतानाच बघायचं, तसं विकणाऱ्याला आधी सांगून ठेवायचं आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर त्याने सुरू करून ठेवलंय, का ते विचारा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. कॉम्प्रेशनमध्ये आकडा किती यापेक्षा सिलेंडरांमधला फरक महत्त्वाचा, दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं, आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मॉडेलप्रमाणे खोडी वेगळ्या असतात त्या आधी वाचून जायच्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला असतो (एमजीबीत १९६७ पर्यंत), उलटी जोडली की डायनॅमो आणि रेडिओ गेले. सित्रोएन डीएसच्या सुरुवातीच्या गाड्यांना लाल हायड्रॉलिक ऑइल आणि नंतरच्यांना हिरवं, चुकीचं ओतलं की सगळ्या सिस्टिमचे सील खराब. शिशाच्या पेट्रोलवर चाललेल्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट बदलल्यात का आणि इथेनॉलला टिकणारे पाइप घातलेत का तेही विचारायचं.

कागदांवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या ठोकलेल्या नंबरशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवायचा. १७ अक्षरांचा एकसारखा नंबर १९८१ च्या सुमाराला आला, त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली पद्धत, त्यामुळे प्लेट कुठे असते ते मॉडेलप्रमाणे माहीत पाहिजे. प्लेटचे रिव्हेट नवे दिसले तर प्लेट का काढली होती याचं उत्तर मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

सौदा झाला तरी गाडी चालवत घरी आणायची नाही, ट्रेलरवर आणायची. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, आणि तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचं, नक्षी कितीही छान असो ते फेकायचं. मग ब्रेक फ्लुइड, कारण डॉट ३ आणि ४ या प्रकारची फ्लुइड हवेतलं पाणी ओढतात आणि उभ्या गाडीचे चाकांजवळचे ब्रेकचे सिलेंडर आतून गंजतात, मग पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि टाकीच्या तळाचा गाळ. हे झाल्याशिवाय चावी फिरवायची नाही.