बचत गट आणि कर्जगट : हप्ता दोन्हीकडे, बचत एकाचकडे

दिवाळीच्या तोंडावर वस्तीतली एक ताई प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड आणि घड्या पडलेलं एक जाड कार्ड. कार्डावर ओळीने तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे सही. ते माझ्यापुढे ठेवून तिने विचारलं, "ताई, आमच्या गटाची बचत कधी भेटन वो? दोन वर्षं झाले, एक हप्ता नाही चुकवला मी."

मी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मुद्दल होतं, व्याज होतं, बाकी रक्कम होती. बचतीचा रकानाच नव्हता. ते कर्जाचं कार्ड होतं आणि शेवटच्या सहीनंतर बाकी शून्य झाली होती. दोन वर्षं ती दर महिन्याला बायकांच्या घोळक्यात बसून पैसे देत होती, समोर कोणीतरी लिहून घेत होतं, म्हणून तिच्या लेखी तो बचत गट होता. तिला खरं सांगताना माझीच जीभ जड झाली.

नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना हा घोळ मला इतक्या वेळा भेटला आहे की आता मी पहिला प्रश्न तोच विचारते: गट कोणता? कारण दोन्हींना बायका "गट"च म्हणतात. "माझा मंगळवारचा गट आहे", "माझा पाच तारखेचा गट आहे." बैठक दोन्हीकडे असते, बहुतेकदा त्याच बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात. एकीकडे अध्यक्ष असते तशी दुसरीकडे केंद्रप्रमुख असते. हप्ता दोन्हीकडे असतो आणि दोन्हीकडे फक्त बायकाच असतात. पण एक गट बायकांचा असतो आणि दुसरा कंपनीचा. या लेखात दुसऱ्याला मी कर्जगट म्हणते. कागदोपत्री त्याला संयुक्त दायित्व गट म्हणतात, वस्तीत मात्र हा शब्द कोणाच्या तोंडी नाही.

बचत गट म्हणजे दहा ते वीस बायका. दर महिन्याला ठरलेली रक्कम प्रत्येकीने टाकायची, शंभर असो की दोनशे. ती जमा रक्कम गटाच्या नावाच्या बँक खात्यात किंवा पेटीत राहते आणि त्यातूनच गरजेप्रमाणे एकमेकींना कर्ज दिलं जातं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट लिहिलेल्या वह्या, ही त्याची पंचसूत्री. किमान सहा महिने गट असा नीट चालला की बँक गटाच्या नावावर कर्ज देते आणि १० लाखांपर्यंत काही गहाण मागत नाही. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गटांपासून बँकजोडणीचा हा प्रयोग सुरू केला. महाराष्ट्रात त्याआधीच, १९७५ साली, महिला आर्थिक विकास महामंडळ उभं राहिलं होतं, ज्याला सगळे माविम म्हणतात. गावाकडच्या बायकांना आज 'उमेद', म्हणजे राज्य सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, हे नाव जास्त ओळखीचं आहे.

कर्जगटाचं मूळ बांगलादेशात आहे, मुहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेत. इथे मायक्रोफायनान्स कंपनी चार-पाच ते दहा बायकांना एकत्र आणते. कर्ज प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर असतं, पण हमी सगळ्याजणी एकमेकींची घेतात. बचत नसते. नसतेच, कारण बिगरबँक मायक्रोफायनान्स कंपनीला लोकांकडून ठेवी घ्यायला मनाईच आहे. ताईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच होतं. तिने दिलेल्या हप्त्यात तिच्या नावाने मागे राहणारा एक रुपयाही असूच शकत नव्हता.

आता व्याजाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. बायका म्हणतात, बचत गट स्वस्त आणि कंपनी महाग. आकडे पाहिले की हे अर्धंच खरं ठरतं. पुष्कळ गट आपल्याच बायकांना शेकडा दोन रुपये महिना दराने कर्ज देतात. म्हणजे वर्षाला २४ टक्के. मायक्रोफायनान्सचा दरही साधारण २० ते २६ टक्क्यांच्या घरात असतो. दर जवळपास सारखाच! ४०,००० रुपये, दोन वर्षं, वर्षाला २४ टक्के घटत्या बाकीवर असा हिशोब केला तर महिन्याचा हप्ता सुमारे २,११५ रुपये येतो आणि दोन वर्षांत व्याज जातं १०,७५० च्या आसपास. कंपनीच्या गटात हे पैसे कंपनीकडे जातात. बारा बायकांच्या बचत गटात हेच व्याज पेटीत पडतं, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला जवळपास ९००. जिने व्याज भरलं तीसुद्धा त्या पेटीची बाराव्या हिश्शाची मालकीण असते. आणि उमेदच्या गटाने बँकेकडून ७ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज आत एक-दीड टक्का महिन्याने फिरवलं, तर मधला फरकही गटाचाच. तेव्हा दर किती हे विचाराच, पण व्याज शेवटी कोणाच्या घरात जातं हे आधी विचारा.

दर ऐकताना आणखी एक गोष्ट पाहा, व्याज घटत्या बाकीवर आहे की सपाट. १०,००० रुपये, दहा महिने, शेकडा दोन. दर महिन्याला हजार फेडत गेल्यावर उरलेल्या रकमेवरच व्याज लावलं तर एकूण ११०० रुपये होतात. पहिल्या दिवसाची रक्कम धरून शेवटपर्यंत लावलं तर २००० होतात. तोंडी दर तोच, खिशातून जातात नऊशे जास्त. बचत गटांच्या वह्यांतही ही चूक मी पाहिली आहे, आणि ती लबाडीने नाही, हिशोब येत नाही म्हणून होते.

खरा फरक दिसतो तो घरात आजारपण आल्यावर. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही, विदर्भात कितीतरी घरांत तो पिढ्यांपासून आहे. आमच्या एका बचत गटातल्या बाईच्या मुलीला रात्री दुखणं सुरू झालं. हातपाय इतके दुखत होते की पोर अंथरुणात मावत नव्हती. ऑटो करून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, न्यायचं म्हटलं तरी हातात पैसे हवेत. सरकारी दवाखान्यात उपचाराचा खर्च फारसा येत नाही, पण ऑटो लागतो, बाहेरून एखादं औषध आणावं लागतं, सोबत राहणाऱ्याचं जेवण लागतं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे चार दिवसांची मजुरी बुडते. रात्री साडेदहाला पेटी उघडली. पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे असते, म्हणून दोघींना उठवलं. तीन हजार रुपये दिले, सकाळी वहीत लिहिलं. पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं की तीन महिने हिने फक्त व्याज द्यावं, मुद्दल नंतर. एकीने कुरकुर केली, तिचंही ऐकून घेतलं, ठराव लिहिला आणि खाली सह्या झाल्या.

कर्जगटात अशाच आजारपणात काय झालं तेही मी पाहिलं. हप्त्याची तारीख हलली नाही. तारीख हलवायचा अधिकार तिथे बसलेल्या कुठल्याच बाईकडे नव्हता, वसुलीला आलेल्या पोराकडेही नव्हता. पाच जणींनी प्रत्येकी सव्वाचारशेच्या आसपास काढून तिचा हप्ता भरला. पुढच्या महिन्यात पुन्हा काढले. तिसऱ्या महिन्यात नळावर तिच्याशी कोणी बोलेना. एकमेकींची हमी म्हणजे काय, ते सही करताना कोणी असं समजावून सांगत नाही. ज्या शेजारणीकडे आपण वाटीभर साखर मागायला जातो, तीच आपली वसुलीदार होते. मला या पद्धतीतलं हेच सगळ्यात जास्त खुपतं.

तरीही कर्जगटाला सावकारी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. बायका तिकडे का जातात याला कारणं आहेत. नवा बचत गट बारा जणींचा, दोनशे रुपयांचा असेल तर पहिल्या महिन्यात पेटीत २,४०० रुपये असतात आणि वर्षभरात २८,८०० होतात. त्यातून कोणाला एकदम चाळीस हजार देणार? बँकेचं कर्ज मिळायला ठराव, फोटो, कागद आणि चकरा लागतात. एक दिवस बँकेत बसलं की घरकाम करणाऱ्या बाईचा एक खाडा पडतो. कंपनीचा माणूस दारात येतो आणि थोड्याच दिवसांत पैसे खात्यात पडतात. माझ्याकडे आलेल्या ताईने चाळीस हजार घेतले होते ते उलट्या माठावर भाजतात त्या लांब पोळ्यांच्या धंद्यासाठी. माठ, चूल, गव्हाची पोती. फॉर्मवर "व्यवसाय" लिहिलं होतं, पण निम्म्याहून जास्त पैसे सासूच्या ऑपरेशनला गेले. उरलेल्यात तिने माठ घेतला आणि पोळ्या विकून हप्ते भरले. ते कर्ज नसतं तर ती खाजगी सावकाराच्या दारात गेली असती, हेही तितकंच खरं.

शिवाय कंपन्यांवर नियम आहेत, फक्त ते वस्तीपर्यंत पोहोचत नाहीत. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीचा अतिरेक झाला, त्यानंतर रिझर्व्ह बँकेने या कंपन्यांसाठी वेगळे नियम केले आणि १ एप्रिल २०२२ पासून सध्याची चौकट लागू झाली. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज यात मोडतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. कर्जाचं कार्ड बाईला समजणाऱ्या भाषेत हवं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही. विमा गळ्यात मारता येत नाही, तिची पूर्ण संमती लागते. आणि विमा घेतलाच असेल तर घरात मृत्यू झाल्यावर कर्ज माफ होतं का हे आधी विचारा, कारण कितीतरी विधवा बायका माहीत नसल्यामुळे पुढेही हप्ते भरत राहतात. वसुली ठरलेल्या जागीच करायची. लागोपाठ दोन वेळा बाई तिथे आली नाही तरच घरी किंवा कामावर जाता येतं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ आणि धमकी चालत नाही, नातेवाईक, शेजारीपाजारी किंवा कामावरच्या लोकांना त्रास देणंही चालत नाही. मी हे बैठकीत वाचून दाखवते तेव्हा बायका एकमेकींकडे पाहतात. रात्री आठला दारात बसून राहिलेला माणूस त्यांच्यातल्या बहुतेकींना आठवत असतो.

बचत गटही सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात. योजना येणार म्हणून घाईने बांधलेले गट योजना संपताच मोडतात. अध्यक्षच सगळं कर्ज उचलते आणि बाकीच्या गप्प बसतात. वही बाहेरचा कोणीतरी लिहितो आणि आपल्या नावापुढे काय लिहिलंय हे बाईला वाचता येत नाही. आणि जिला महिन्याला शंभर रुपयेही निघत नाहीत, ती सगळ्यात गरीब बाई गटाच्या बाहेरच राहते. या शेवटच्या गोष्टीवर आमच्या संस्थेकडेही पुरेसं उत्तर नाही. काही गटांत आम्ही तिच्यासाठी पन्नास रुपयांची सोय केली. एका गटात बायकांना ते मान्य झालं नाही.

पण चांगला चाललेला गट बैठकीत पैशांपलीकडचं बोलतो. वस्तीतली आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, येऊन बसते, कोणाचं रक्त कमी आहे ते निघतं, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचा विषय निघतो, नळाच्या अर्जावर सह्या होतात. नागपूरला हे नवं नाही. जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि पंचवीस हजारांच्या आसपास बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार बायकांच्या रजा, असे ठराव तिथे झाले. आज बुद्धविहारात सतरंजीवर बसलेल्या काही बायकांच्या आज्या तिथे गेल्या असतील. कर्जगटाच्या बैठकीत अशा बोलण्याला जागाच उरत नाही. हजेरी, पैसे मोजणे, सह्या, आणि पोरगं पुढच्या वस्तीला निघतं.

दोन्ही ओळखायची माझी पद्धत साधी आहे. बैठक संपल्यावर पैसे कुठे जातात ते पाहा. पेटीत किंवा गटाच्या खात्यात गेले तर बचत गट. साहेबाच्या बॅगेत गेले तर कर्जगट. बाईने गट सोडायचा ठरवला तर तिला काय परत मिळेल, हेही विचारून बघा.

त्या ताईला कंपनीने लगेच पुढचं कर्ज देऊ केलं, साठ हजार. तिने तीस घेतले, कारण गव्हाचं पोतं आणायचंच होतं. दोनशे रुपये घेऊन ती आमच्या शेजारच्या गल्लीतल्या बचत गटातही आली. पहिल्या बैठकीत पैसे दिल्यावर तिने कोषाध्यक्ष बाईच्या हातातली वही स्वतःकडे ओढली. "यात बचत कुठं लिहिली?" कोषाध्यक्ष बाईने दाखवलं. तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला आणि मग वही परत दिली.