कालविसंगती, सुपरहिरो प्रीक्वेलमधील

आधी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाच्या अगोदरचा काळ दाखवणारा प्रीक्वेल मागाहून तयार झाला, की दोहोंतील वर्षे, वये, नाती वा घटना यांचा मेळ बसेनासा होतो, हीच कालविसंगती. या संदर्भात जन्मजात अतिमानवी शक्ती असलेल्या ‘म्युटंट’ नायकांच्या ‘एक्स-मेन’ या चित्रपटमालिकेचे उदाहरण नेहमी दिले जाते. प्रस्तुत नोंद मुख्यतः २००० ते २०१९ या काळातील त्याच मालिकेविषयी आहे.

संज्ञा : ‘प्रीक्वेल’ हा शब्द इंग्रजीत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात छापील आढळतो; सामान्यतः १९५८ हे वर्ष दिले जाते. विसंगती मागाहून बुजवण्याला ‘रेटकॉन’ म्हणतात. हे ‘रेट्रोअ‍ॅक्टिव्ह कंटिन्युइटी’चे लघुरूप. या संज्ञेचे जनकत्व बहुधा कॉमिक्सलेखक रॉय थॉमस यांना दिले जाते, कारण ‘ऑल-स्टार स्क्वाड्रन’ या कॉमिक्स मालिकेच्या १९८३ मधील वाचकपत्रांच्या सदरात ती आली आहे. मात्र ती एका संमेलनात एका चाहत्याने सुचवल्याचे तेथे थॉमस यांनीच म्हटले असल्याने त्यांना जनकापेक्षा प्रसारक म्हणणे अधिक सयुक्तिक. शिवाय तोच शब्दप्रयोग १९७३ मध्ये ई. फ्रँक टपर यांच्या, जर्मन धर्मशास्त्रज्ञ पानेनबर्ग यांच्यावरील ग्रंथात येतो. तेथे इतिहास भविष्याकडून भूतकाळाकडे वाहतो असा अर्थ अभिप्रेत आहे. दोन्ही वापर परस्परांपासून स्वतंत्र असावेत.

‘एक्स-मेन’ : पहिला चित्रपट (२०००) ‘नजीकच्या भविष्यात’ घडतो, नेमके वर्ष दिलेले नाही. त्यात एरिकची (पुढचा प्रतिस्पर्धी मॅग्नेटो) भेट आपल्या सतराव्या वर्षी झाली आणि म्युटंट शोधणारे सेरेब्रो यंत्र उभारायला त्याची मदत झाली, असे एक्स-मेनचा मनःशक्ती असलेला प्रमुख झेवियर सांगतो. ‘फर्स्ट क्लास’मध्ये (२०११) मात्र दोघे १९६२ साली, प्रौढपणी भेटतात, आणि यंत्राचा नमुना हँक मॅककॉय या तरुण म्युटंट शास्त्रज्ञाचा असतो. त्याच वर्षी क्यूबाच्या किनाऱ्यावर गोळी लागून झेवियर पांगळा होतो; उलट ‘ओरिजिन्स : वुल्व्हरिन’च्या (२००९) शेवटी, बहुधा १९७९ च्या सुमारास, तो पायांवर उभा आहे. ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मधील पाय परत देणारे औषध येथे उपयोगी पडत नाही, कारण ते त्याची मनःशक्ती हिरावून घेते, आणि ‘ओरिजिन्स’मध्ये तो तीच शक्ती वापरून मुलांना वाट दाखवतो.

‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये (२०१४) मालिकेतील प्रमुख नायक वुल्व्हरिनची जाणीव २०२३ मधून १९७३ मध्ये पाठवून इतिहास बदलला जातो. तेव्हापासून सगळ्या विसंगतींचे खापर या बदललेल्या कालप्रवाहावर फोडण्याची प्रथा पडली. पुराणांतील कथा जुळल्या नाहीत की टीकाकार ‘कल्पभेद’ म्हणून मोकळे होत. हा तोडगा त्याच जातीचा. पण काळाला फाटा फुटतो तो १९७३ पाशी. १९६२ ची भेट, सेरेब्रो आणि गोळी त्यामागच्या आहेत, म्हणून त्या दोन्ही प्रवाहांना सामाईक ठरतात. पंख असलेला म्युटंट एंजल याचेही तेच : ‘अपोकॅलिप्स’मध्ये (२०१६) १९८३ साली तो तरुण दिसतो, म्हणजे त्याचा जन्म फाट्याआधीचा, तरीही ‘द लास्ट स्टँड’मध्ये (२००६) तो तेवढाच तरुण आहे. त्यामुळे ‘फर्स्ट क्लास’ हा काटेकोर प्रीक्वेल नसून अर्धवट नव्याने केलेली मांडणी आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात २०१४ च्या चित्रपटाने जुन्या चित्रपटांतील आणि ‘फर्स्ट क्लास’मधील अशा दोन्ही पिढ्यांचे कलावंत एकाच कथेत आणून हा बचावही पुरता टिकू दिलेला नाही.

वयांचा प्रश्न वेगळा. १९४४ मध्ये नाझी छळछावणीत असलेला मुलगा एरिक ‘डार्क फिनिक्स’च्या (२०१९) १९९२ मध्ये साठीच्या आसपास हवा, पडद्यावर तो चाळिशीचा वाटतो. ‘लोगन’ (२०१७) २०२९ मध्ये घडतो. तो कोणत्या प्रवाहात बसवावा याविषयी मतभेद आहेत.