विगान

विगान : फिलिपीन्समधील स्पॅनिश वसाहतकालीन नगर; ईलोकोस सूर प्रांताचे मुख्य ठिकाण. लूझॉन बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगत, आब्रा नदीच्या मुखाजवळ. यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९९ पासून समावेश.

नावाच्या व्युत्पत्तीबाबत एकमत नाही. एका मतानुसार ते ‘बिगा’ या वनस्पतीवरून आले. ही नदीकाठी माजणारी, अळूच्या जातीतील मोठ्या पानांची वनस्पती आपल्याकडील कासाळूच होय. गावाचे नाव विचारणाऱ्या स्पॅनिशांना स्थानिकाने झाडाचे नाव सांगितले, ही कथा मागाहून रचलेली दिसते. अशा कथा अनेक गावांना चिकटलेल्या असतात. दुसरे मत होक्क्येन चिनी भाषेतील ‘सुंदर किनारा’ या अर्थाच्या शब्दजोडीचे आहे. चिनी व्यापाऱ्यांची येथील वस्ती जुनी असली, तरी वनस्पतीची व्युत्पत्ती अधिक सरळ वाटते.

स्पॅनिश सेनानी ह्वान दे साल्सेदो १५७२ मध्ये येथे आला. नगराची स्थापना बहुधा १५७४ मधील. काही लेखक ती १५७२ मानतात. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याचा बालवयात वारलेला मुलगा फर्नांदो याच्यावरून त्यास ‘व्हिया फर्नांदिना’ म्हणत.

चौकटीची रस्तेरचना स्पॅनिश. घरांना मात्र हे विशेषण जपूनच लावावे. आजची बहुतेक घरे अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंतची असून त्यांतील पुष्कळशी चिनी-फिलिपिनो मिश्रवंशीय व्यापाऱ्यांनी बांधली. खाली विटांच्या, चुन्याचा गिलावा दिलेल्या भिंती. घोडागाडी आत शिरेल एवढा दरवाजा. वर लाकडी राहता मजला, हा सर्वसाधारण नमुना. काही घरांत वरचा मजलाही विटांचाच आहे. सरकत्या खिडक्यांच्या लहान चौकोनांत काचेऐवजी चपट्या शिंपल्याचे पातळ तुकडे बसवतात. त्यांतून दुधी उजेड येतो, पण बाहेरचे दिसत नाही. गोव्यातील पोर्तुगीजकालीन घरांच्या खिडक्यांनाही याच जातीचे शिंपले आढळतात. खिडकीखालची झडपेची छोटी खिडकी वाऱ्यासाठी असते.

नोंदलेल्या वारसाक्षेत्रात २५ रस्ते व २३३ ऐतिहासिक इमारती आहेत. क्रिसोलोगो रस्त्यावर मोटारींना बंदी असून ‘कालेसा’ घोडागाड्या चालतात. बुर्नाय ही मातीची भांडी व आबेल हे हातमागाचे कापड यांची परंपरा टिकून आहे.

दुसऱ्या महायुद्धात नगर बचावले. जपानी अधिकाऱ्याच्या विनंतीमुळे ते वाचले, ही आख्यायिका लोकप्रिय आहे. २७ जुलै २०२२ च्या, ७.० परिमाणाच्या भूकंपात अनेक जुन्या घरांना हानी पोहोचली. शेजारच्या बांताय येथील घंटामनोऱ्याचा काही भाग ढासळला.