गाडीतल्या फ्रिजसाठी वायरलेस थर्मामीटर घेताना

मालवणहून मासळी आणणारे, खेडोपाडी जनावरांच्या लसी नेणारे पशुवैद्य, इन्सुलिन सोबत ठेवून प्रवास करणारे, असे बरेच जण आमच्याकडे बारा व्होल्टचा फ्रिज घ्यायला येतात. फ्रिजवर आकडा दिसतोच, मग थर्मामीटर वेगळं कशाला, असं विचारतात. तो आकडा बहुधा आतल्या भिंतीजवळच्या सेन्सरचा असतो. तळाशी भिंतीला टेकलेली बाटली गोठायला आली, तरी वर झाकणाखालचा माल बराच गरम असू शकतो. आपल्याला मालाचं तापमान कळायला हवं. इन्सुलिन आणि लाळ्या-खुरकूतची लस 2 ते 8 अंशांत राहायला हवी. गोठली तर दोन्ही वाया जातात, म्हणून अलार्म वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही मर्यादांना लावता आला पाहिजे.

खरी अडचण सिग्नलची. पत्र्याच्या पेटीतून रेडिओलहरी नीट बाहेर येत नाहीत, आणि पाणी भरलेल्या बाटल्या ब्लूटूथचा सिग्नल शोषतात. प्लास्टिकच्या झाकणातून तो बऱ्यापैकी येतो, पण गाडीपासून लांब गेलात की तुटतो. गगनबावड्याला चहाला उतरलात, चावी काढली आणि गाडीचा सॉकेट बंद झाला, तर फ्रिजही थांबतो. नेमका तेव्हाच अलार्म वाजायला हवा, आणि ब्लूटूथचा अलार्म ज्या फोनवर वाजतो तो मात्र तुमच्यासोबत हॉटेलात. म्हणून आमचा सल्ला असा: वेगळा डिस्प्ले असलेलं, 433 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालणारं घ्या, ते जास्त लांब पोचतं. ब्लूटूथचंच घ्यायचं असेल, तर मधल्या वेळचं तापमान स्वतःत साठवून ठेवणारं घ्या, म्हणजे परतल्यावर काय झालं ते कळेल. सगळ्यात भरवशाचं म्हणजे वायर असलेला प्रोब (तापमान मोजणारं टोक): पातळ वायर झाकणाच्या रबरातून बाहेर काढायची आणि ट्रान्समीटर (सिग्नल पाठवणारा भाग) बाहेर चिकटवायचा. सेलही बाहेरच राहतात. उणे 18 अंशांवर साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, आत ठेवायचेच असतील तर लिथियमचे घाला.

प्रोब मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवू नका. झाकण उघडलं की हवा लगेच तापते आणि अलार्म उगाच वाजतो. फ्रिज शून्याच्या वर चालवत असाल, तर पाणी भरलेल्या छोट्या बाटलीत प्रोब बुडवून ती मालाच्या मधोमध ठेवा. दोन कप्प्यांच्या फ्रिजला दोन सेन्सर लागतात.

नवं थर्मामीटर घरी तपासता येतं. ग्लासभर बर्फाचा चुरा करून तो जेमतेम भिजेल इतकंच पाणी घाला, ढवळा आणि दहा मिनिटं प्रोब त्यात धरा (पाण्यात चालणारा असेल तरच). शून्य दिसायला हवं. अर्ध्या अंशाचा फरक चालतो. एक अंशाचा असेल तर तो टेपवर लिहून मागे चिकटवा. त्याहून जास्त असेल तर आम्ही बदलून देतो.

शक्य असेल तर खरेदीला फ्रिजसकट उद्यमनगरातल्या आमच्या दुकानात या. सेन्सर आत ठेवून, झाकण लावून, गाडी दुकानासमोर उभी करून सिग्नल मिळतो का ते आधी बघा, मगच पैसे द्या.