मालाच्या वाटेवरची बातमी वेळेत कशी मिळवावी
(आमच्या कांदा आणि द्राक्ष निर्यातदार ग्राहकांसाठी)

नमस्कार.

बंदराची बातमी आपल्याकडे बहुतेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. फिरत फिरत आलेला मेसेज, त्याला ना तारीख, ना मूळ ठिकाण. मग आम्हाला फोन येतो, "साहेब, हे खरं आहे का?" फोन जरूर करा. पण बातमी मूळ जागेवरून, तारीख-वेळेसकट तुमच्याच मोबाइलवर यावी, यासाठी आरएसएस फीड कसं वापरायचं ते सांगणारं हे पत्रक.

७ डिसेंबर २०२३ ची अधिसूचना आठवा. विदेश व्यापार महासंचालनालयाने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४ पर्यंत बंद केली. ज्याचं लोडिंग अधिसूचनेआधी सुरू झालं होतं किंवा जो कस्टम्सच्या ताब्यात जाऊन सिस्टीममध्ये नोंदला गेला होता, अशा मोजक्याच मालाला सूट मिळाली. म्हणजे सगळा प्रश्न तासांचा होता. फीडमुळे बंदी टळली नसती. पण शेडमध्ये उभी असलेली गाडी न्हावा शेव्याकडे निघाली नसती आणि गाडीभाडं तरी वाचलं असतं.

आरएसएस फीड म्हणजे वेबसाइटने स्वतःच्या ताज्या बातम्यांची ठेवलेली साधी यादी: मथळा, तारीख, लिंक. फीड रीडर नावाचं अ‍ॅप थोड्या थोड्या वेळाने ती यादी तपासतं आणि नवीन आलेलं तुमच्यापुढे मांडतं. वेबसाइटला ईमेल द्यावा लागत नाही, मोबाइल नंबरही नाही. फीडली किंवा इनोरीडर घ्या, फुकटातलं पुरतं. कॉम्प्युटरवर थंडरबर्डमध्ये मेल बघत असाल तर फीडही त्यातच वाचता येतात.

अ‍ॅपच्या शोधपट्टीत वेबसाइटचं नाव टाका. जहाज वाहतुकीसाठी स्प्लॅश२४७, जीकॅप्टन आणि द लोडस्टार यांपासून सुरुवात करा. बातम्या इंग्रजीत आहेत, पण मथळे सरावाने समजू लागतात. नाव सापडलं नाही तर वेबसाइटच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत टाकून बघा, वर्डप्रेसवरच्या साइट्सना बहुधा चालतं. पीआयबी (केंद्र सरकारचं वृत्त कार्यालय) आणि रिझर्व्ह बँक यांची स्वतःची फीड आहेत. उरलेल्यांसाठी गूगल अलर्ट्समध्ये (दिलेल्या शब्दांवरच्या नव्या बातम्या कळवणारी गूगलची सोय) 'कांदा निर्यात' असं सरळ मराठीत लिहा, ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडा आणि मिळालेली लिंक अ‍ॅपमध्ये चिकटवा. आमच्या मते आठ-दहा फीडच्या पुढे जाऊ नका. तीनशे न वाचलेल्या बातम्या साचल्या की माणूस अ‍ॅप उघडतच नाही.

मथळा कसा वाचायचा, हे महत्त्वाचं. डिसेंबर २०२३ च्या मध्यावर मोठ्या शिपिंग लाइन्सनी जहाजांवरच्या हल्ल्यांमुळे तांबड्या समुद्रातली जहाजं वळवून केप ऑफ गुड होपमार्गे, म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून, न्यायला सुरुवात केली. वरवर बघितलं तर ती युद्धाची बातमी. पण पॅकहाउसमध्ये बसून वाचली तर ती द्राक्षाची बातमी होती, कारण आपला हंगाम जानेवारीत लागतो आणि युरोपातल्या रॉटरडॅम बंदराचा प्रवास दहा-चौदा दिवसांनी वाढणार होता. रीफरमधल्या, म्हणजे थंड कंटेनरमधल्या, घडाला ते दिवस भारी पडतात. शिवाय जहाज उशिरा परततं, म्हणून पुढे रिकामे रीफर कमी पडतात आणि भाडं चढतं. म्हणून 'सुएझ', 'केप', बंदरातला 'स्ट्राइक' किंवा 'ब्लँक सेलिंग', म्हणजे लाइनने रद्द केलेली फेरी, हे शब्द दिसले की बातमी पूर्ण उघडा आणि आपलं बुकिंग कोणत्या जहाजावर आहे ते बघा.

नुसत्या मथळ्यावर माल थांबवू नका, सोडूही नका. सरकारी निर्णय असेल तर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख बघा. आम्हाला स्क्रीनशॉटऐवजी लिंक पाठवा, म्हणजे मूळ मजकूर वाचून तुमच्या शिपिंग बिलाला (कस्टम्सकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाला) तो लागू होतो की नाही ते सांगता येईल.

आम्ही रोज सकाळी वाचतो त्या फीडची यादी एका ओपीएमएल फाइलमध्ये तयार आहे. ती फीडली किंवा इनोरीडरमध्ये चढवली की सगळी फीड एकदम येतात. फोन किंवा लॅपटॉप घेऊन कचेरीत या, समोर बसून लावून देऊ, त्याचे पैसे नाहीत. द्राक्षाचा पहिला कंटेनर भरायच्या आधी आलात तर बरं.